जुन्या लोखंडाचे सोबती

छंद म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, फार तर अंगणातील गुलाबाची कलमे येतात. साठ वर्षांपूर्वीचा, गंजलेला, गुडघ्याएवढ्या चाकांचा एक ट्रॅक्टर घरी आणून त्याच्यापायी सहा-सहा महिने झिजणारी माणसे या जगात आहेत, असे वसईत आम्हांला कोणी सांगितले असते, तर आम्ही ते हसण्यावारी नेले असते. परंतु अशाच माणसांच्या सहवासात आम्ही आठ वर्षे काढली. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. उतारवयात मैत्री कशी जुळते आणि कशी टिकते, याविषयी आम्ही जे काही शिकलो ते त्यांच्याकडून शिकलो.

प्रथम 'आम्ही' म्हणजे कोण, ते सांगितले पाहिजे. आम्ही उभयतां पती-पत्नी. एकाची हयात रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर म्हणून गेली, दुसरीची प्राथमिक शाळेत मुलांना शिकविण्यात. निवृत्तीनंतर, २०१२ साली, मुलीच्या आग्रहाखातर आम्ही अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात गेलो. मुलगी तेथे परिचारिका, जावई नोकरीत, नातवंडे शाळेत. सकाळी साडेसातला घर रिकामे होई, ते सायंकाळी पाचपर्यंत रिकामेच राही. नोव्हेंबर सरला की खिडकीबाहेर बर्फ. रस्त्यावर माणूस दृष्टीस पडत नसे, आणि कोठे जायचे म्हटले तर मोटारीवाचून गत्यंतर नसे. मुलीने कशाची उणीव ठेवली नव्हती. तरीही दुपारी दोनच्या सुमारास घड्याळाची टिकटिक ऐकत बसलेल्या आम्हां दोघांना एकमेकांशी बोलण्यासारखे काही उरत नसे. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी आईवडील आज या अनुभवातून जात आहेत. फोनवर ते 'सर्व ठीक आहे' एवढेच सांगतात, आणि आम्हीही तेच सांगत होतो.

आता त्या यंत्राविषयी. अमेरिकेत त्याला 'गार्डन ट्रॅक्टर' म्हणतात. आपल्या शेतातील ट्रॅक्टरपुढे ते खेळणे वाटावे, पण त्याची बनावट खेळण्यासारखी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडील लोक शहराबाहेर घरे बांधून राहू लागले. घराभोवती अर्धा एकर, एक एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस ते चाळीस गुंठे जमीन. हातयंत्राने गवत कापण्यास ती फार, आणि मोठ्या ट्रॅक्टरला ती थोडी. ही मधली गरज भागविण्यासाठी हे यंत्र निघाले. उन्हाळ्यात त्याच्या पोटाखाली गवत कापण्याची पाती लावावीत, वसंतात मागे लहानसा नांगर जोडावा आणि हिवाळ्यात पुढे फाळके लावून दारातील बर्फ लोटावा.

या यंत्राचे पूर्वजही मोठे गमतीचे आहेत. पश्चिम व्हर्जिनियातील बेंजामिन ग्रेव्हली हे व्यवसायाने छायाचित्रकार. त्यांनी मोटारसायकलचे भाग वापरून आपल्या बागेसाठी एक चालता नांगर तयार केला आणि १९१६ साली त्याचे पेटंट मिळविले. इंडियाना राज्यातील साऊथ बेंड येथे एल्मर पाँड यांनी १९४६ साली आपल्या गॅरेजात लहान ट्रॅक्टर बांधण्यास आरंभ केला. त्यातूनच पुढे तांबड्या रंगाचे 'व्हील हॉर्स' जन्मास आले. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ च्या हंगामासाठी 'कब कॅडेट' बाजारात आणला. त्यात त्यांनी आपल्याच 'फार्मऑल कब' या शेती ट्रॅक्टरचे गिअर वापरले होते. लहान यंत्राला मोठ्याचे गिअर बसविल्यामुळे ती यंत्रे झिजता झिजत नाहीत. १९६३ साली जॉन डिअर कंपनीने '११०' हा आपला पहिला गार्डन ट्रॅक्टर काढला. १९६९ साली या कंपनीने पांढऱ्या अंगावर तांबडे, निळे, पिवळे किंवा नारिंगी टोप चढवून रंगीत ट्रॅक्टरही विकण्यास काढले. हिरव्या-पिवळ्याला सरावलेल्या गिऱ्हाइकांनी त्यांकडे फारसे लक्ष दिले नाही. आज तेच ट्रॅक्टर हौशी मंडळी शोधत फिरतात.

विस्कॉन्सिन हे या साऱ्या उद्योगाचे माहेरघर म्हणावे लागेल. जॉन डिअरचा '११०' तेथील होरिकॉन गावी तयार झाला. 'सिम्प्लिसिटी' आणि 'बोलेन्स' हे दोन्ही ट्रॅक्टर मिशिगन सरोवराकाठच्या पोर्ट वॉशिंग्टन या एकाच लहानशा गावात बनत. त्यांपैकी अनेक यंत्रांत बसविलेले ओतीव लोखंडी इंजिन जवळच्याच कोहलर कंपनीचे. मुंबईच्या दुकानांत महागड्या नळांवर आणि वॉशबेसिनवर हे नाव पुष्कळांनी वाचले असेल. ऑस्ट्रियातून आलेल्या जॉन मायकल कोहलर यांनी १८७३ साली हा उद्योग आरंभिला. जनावरांच्या पाण्याच्या डोणीला एनॅमलचा लेप देऊन त्यांनी १८८३ साली पहिले न्हाणीचे टब केले, असे कंपनीच्या इतिहासात सांगतात. नळ आणि इंजिन एकाच घरचे, हे कळल्यावर आम्हांला मोठी मौज वाटली.

पोर्ट वॉशिंग्टनपासून जवळच मुलीचे घर. त्या भागात शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीतून आणि लक्झेंबर्गमधून आलेल्या शेतकऱ्यांचे वंशज राहतात. त्यांत कॅथलिक पुष्कळ. उपवासकाळातील शुक्रवारी देवळाच्या सभागृहात तळलेल्या मासळीचे जेवण असते, सोबत राय धान्याचा पाव आणि कोबीची कोशिंबीर. वसईच्या माणसाला त्या मासळीत तिखटमीठ कमी वाटले, तरी आपल्या माणसांत आल्यासारखे जरूर वाटे. मात्र जेवण आटोपले की ज्याची मोटार त्याला घेऊन निघून जाई. देवळातील ओळख हसून हात हलविण्यापुरतीच राही.

२०१३ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या गॅरेजातून एक आवाज येऊ लागला. इंजिन धरी, दोन-चार ठोके देई आणि बंद पडे. पुन्हा धरी, पुन्हा बंद पडे. फिटरच्या कानाला हे सहन होण्यासारखे नव्हते. आम्ही दोघे कुंपणापर्यंत गेलो. आत दोघे वृद्ध गृहस्थ एका हिरव्या ट्रॅक्टरवर वाकून उभे होते. आमच्यातील शिक्षिकेने इंग्रजीतून नमस्कार-चमत्कार केले. आमच्यातील फिटरचे इंग्रजी वर्कशॉपातील शब्दांपुरतेच. त्याने केवळ इंजिनाच्या कुशीवरील एका लहान झाकणाकडे बोट दाखविले. घरमालकांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि काही न बोलता फीलर गेज त्याच्या हातात ठेवले. झाकणाखाली ठिणगीचे पॉइंट असतात. ते जळून खडबडीत झाले होते. ते पॉलिशपेपरने साफ करून त्यांमधील फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर धरली. इंजिन चालू झाले आणि चालू राहिले. त्या दिवशी आम्ही तेथेच कॉफी प्यालो.

त्या घरमालकांना त्यांची नातवंडे 'ओपा' म्हणत. जर्मन भाषेत ओपा म्हणजे आजोबा आणि ओमा म्हणजे आजी. वडीलधाऱ्यांना नुसत्या नावाने हाक मारण्यास आमची जीभ वळेना, म्हणून आम्हीही त्यांना ओपाच म्हणू लागलो. ओपांनी सिम्प्लिसिटीच्या कारखान्यात एकतीस वर्षे काम केले होते. २००४ साली ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीने तो उद्योग विकत घेतला आणि पुढील काही वर्षांत पोर्ट वॉशिंग्टनचा कारखाना बंद झाला. स्वतःच्या हातांनी जोडलेली यंत्रे आता भंगारात जाताना पाहणे ओपांच्या जिवावर येई. म्हणून ते ती उचलून आणीत. त्यांच्या शेडमध्ये असे दहा ट्रॅक्टर होते.

दर गुरुवारी सायंकाळी त्यांच्याकडे पाच-सहा माणसे जमत. एक गोठा विकलेले दूधवाले शेतकरी, एक निवृत्त पोस्टमन, शाळेची बस चालविणारी एक विधवा बाई आणि चीजच्या कारखान्यात काम करणारा पंचविशीचा एक मुलगा. कोणी कॅथलिक, कोणी लूथरन, तर कोणी कोठल्याच देवळात न जाणारे. त्यांत आम्ही दोघे मिसळलो. शेतकऱ्यांचा ट्रॅक्टर हिरवा, पोस्टमनचा पिवळा, बाईंचा तांबडा. ओपांच्या दारी दुसऱ्या कंपनीचे यंत्र आले की, 'हा पाहुणा आत घ्यावा की बाहेरच ठेवावा?' म्हणून ते गंभीर चेहऱ्याने विचारीत.

या मंडळींचे काही अलिखित नियम होते. जवळचा सुटा भाग मित्राला विकायचा नाही, द्यायचा. उद्या आपल्याला लागला तर मागायचा. गंजून बसलेला बोल्ट दांडगाईने तोडायचा नाही. त्याला तेल पाजावे, थोडा ताव द्यावा आणि पुढच्या गुरुवारपर्यंत वाट पाहावी. हिवाळ्यासाठी यंत्र ठेवताना टाकीत पेट्रोल राहू द्यायचे नाही, कारण तिकडील पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते आणि ते पडून राहिले की जुन्या कार्बोरेटरची वाट लावते. बर्फ पडला की ट्रॅक्टर प्रथम त्यांच्या दारी न्यायचा, ज्यांना फावडे उचलवत नाही. हा नियम कोणी कधी बोलून दाखविला नाही. आम्ही तो पाहून शिकलो.

वादही होते. जुन्या यंत्राला नवा रंग द्यावा की मूळचा विटलेला रंग तसाच राहू द्यावा, यावरून पोस्टमन आणि ओपा यांच्यात एकदा महिनाभर अबोला होता. पोस्टमनचे म्हणणे, यंत्र कारखान्यातून निघाले तसे दिसले पाहिजे. ओपांचे म्हणणे, कारखान्यातून निघाले ते एक दिवस, आणि पन्नास वर्षे राबले ते मोजायचेच नाही काय? आम्हांला दोघांचेही पटत असे. अबोल्याच्या त्या महिन्यातही पोस्टमन दर गुरुवारी येत होते आणि ओपांना लागणारा पाना न मागता पुढे करीत होते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगावी. हा छंद सर्वस्वी निर्मळ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. त्यात हाव शिरते. एक यंत्र नीट होण्यापूर्वी दुसरे दारात येते आणि घरातील बाईमाणसाला मोटार ठेवायला जागा उरत नाही. दुर्मीळ यंत्राच्या किमती ऐकून डोळे फिरतात. शिवाय पुरुषमंडळी कार्बोरेटरविषयी दोन तास बोलतील, पण मुलाशी बोलणे तुटले आहे हे दोन वर्षे सांगणार नाहीत. यंत्रामागे तोंड लपविण्याचीही सोय होते. तरीही आमचा अनुभव असा की, त्या आडोशालाच कधीतरी मनातले बाहेर येते. समोरासमोर बसवून 'सांगा, काय दुखते?' असे विचारले तर माणूस गप्प होतो. शेजारी उभे राहून दोघेही एकाच स्क्रूकडे पाहत असले, म्हणजे तो बोलतो. दूधवाल्यांनी गाई विकल्या त्या सकाळची हकीकत व्हॉल्व्ह घासता घासता सांगितली. व्हॉल्व्ह घासण्याचे काम त्यांनी एकदाही थांबविले नाही. आमच्यातील शिक्षिकेने आपल्या दिवंगत बहिणीचे नाव त्या देशात प्रथम उच्चारले ते बसवाल्या बाईंबरोबर गॅस्केट कापताना.

२०१६ साली ओपांच्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी कंपवाताचे निदान केले. अर्ध्या मिलिमीटरची फट ज्या हातांनी ते डोळे मिटून धरीत, त्या हातांत आता कॉफीचा पेला ठरेना. दोन गुरुवार त्यांनी मंडळींना येऊ नका म्हणून कळविले. तिसऱ्या गुरुवारी कोणी त्यांना विचारलेच नाही. दूधवाल्यांनी आपला ट्रॅक्टर गाडीवर घालून आणला आणि ओपांच्या गॅरेजासमोर उतरविला. 'कार्बोरेटर नीट लागत नाही. आमचे कान गेले. तुझे आहेत अजून,' एवढेच ते म्हणाले.

जुन्या कोहलर इंजिनाच्या कार्बोरेटरवर पेट्रोल कमीजास्त करणारा एक स्क्रू असतो. तो हळूहळू आत घेत गेले की पेट्रोल कमी पडून इंजिन मंदावते. बाहेर काढत गेले की पेट्रोल जास्त होऊन त्याला जडपणा येतो. या दोहोंच्या मधोमध जी जागा असते, ती कानानेच ओळखावी लागते. ओपा खुर्चीत बसले. चीज कारखान्यातील मुलाने स्क्रू फिरविण्यास आरंभ केला. ओपा ऐकत राहिले आणि योग्य जागी त्यांनी बोट वर केले. ते बोटही कापत होते, पण जागा अचूक होती. त्यानंतर अडीच वर्षे प्रत्येकाचा ट्रॅक्टर ओपांच्या कानाखालून गेला. आम्हांला आज असे वाटते की, त्यांतील काही यंत्रे मुळीच बिघडलेली नव्हती.

२०१९ च्या फेब्रुवारीत ओपा देवाघरी गेले. बाहेर उणे वीस अंश थंडी होती. मिस्सानंतर देवळाच्या सभागृहात मंडळी एकाच टेबलावर बसली, आणि प्रथमच त्यांच्यासमोर यंत्र नव्हते. कोणाला काय बोलावे ते सुचेना. अखेर पोस्टमन म्हणाले, 'शेडचे काय होणार?'

ओपांचा मुलगा दूरच्या राज्यात राहत असे. त्याला आठवडाभराची रजा होती, आणि दहा ट्रॅक्टर व शेकडो डबे पाहून त्याने भंगारवाल्याला बोलाविले होते. त्यात त्याचा दोष नव्हता; जे त्याला लोखंडच दिसत होते, त्याचे तो दुसरे काय करणार? मंडळींनी त्याला एकच विनंती केली: भंगारवाला येण्यापूर्वी सामानाची यादी करू द्यावी. ते काम आमच्यातील शिक्षिकेकडे आले. ती वही उघडून बसली. फिटर एकेक डबा उघडून आतील भागाचे नाव सांगू लागला. तेव्हा दिसले की प्रत्येक डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस ओपांनी पेन्सिलीने लिहून ठेवले होते: भाग कोणता, कोणाकडून आला आणि कोणत्या साली. कित्येक नावे आम्हांला ठाऊकही नव्हती. ती माणसे ओपांच्या आधीच गेली होती. मुलगा शेजारी येऊन उभा राहिला. थोड्या वेळाने तो बसला आणि झाकणे स्वतः वाचून दाखवू लागला. सायंकाळी त्याने भंगारवाल्याला येऊ नका म्हणून फोन केला.

पुढील तीन शनिवार ते काम चालले. ट्रॅक्टर हौशी लोकांनी योग्य किंमत देऊन नेले आणि पैसे ओमांच्या हाती आले. सुटे भाग मंडळींत वाटले गेले, झाकणांसह. एक ट्रॅक्टर ओमांनी ठेवून घेतला. पन्नास वर्षांच्या संसारात त्या त्यावर एकदाही बसल्या नव्हत्या. बसवाल्या बाईंनी मे महिन्यात त्यांना तो चालविण्यास शिकविले, आणि एकोणऐंशीव्या वर्षी ओमा आपल्या अंगणातील गवत स्वतः कापू लागल्या.

२०२१ साली आम्ही वसईला परतलो. येथे आल्यावर आम्हांला लहानपणीच्या वाडीची फार आठवण होऊ लागली. विहिरीवर तेव्हा ऑइल इंजिन होते. हँडल मारताना दम लागे. पानवेलींना आणि केळींना पाणी सोडायचे आणि नेमके इंजिन रुसायचे. मग शेजारच्या वाडीतील दोघेतिघे येत, बाबांसोबत उकिडवे बसत, आणि इंजिन चालू होईपर्यंत गावातील सोयरीक, भांडण, आजारपण सर्व काही बोलून होई. आता विजेची मोटर आली. बटण दाबले की पाणी येते. ती जळली तर रिवाइंडिंगवाला घेऊन जातो. त्या हँडलाचे कष्ट पुन्हा यावेत, असे कोण म्हणेल? परंतु शेजाऱ्याला हाक मारण्याचे एक निमित्त त्याबरोबर गेले, हेही खरे. विस्कॉन्सिनची ती मंडळी काय करीत होती, ते आम्हांला येथे येऊन उमगले. ज्या यंत्राचे भाग दुकानात मिळत नाहीत असे यंत्र जवळ बाळगून, ते एकमेकांची गरज जिवंत ठेवीत होते.

आपल्या धर्मग्रामात आज निवृत्त फिटर, सुतार, शिंपी, रेडिओ दुरुस्त करणारे, परिचारिका, शिक्षिका कितीतरी आहेत. अनेकांची मुले परदेशी आहेत आणि दुपार त्यांनाही मोठी वाटते. सभागृहाच्या मागील खोलीत एखादे मजबूत टेबल, दोन दिवे आणि बंद पडलेली शिवणयंत्रे, पंखे, सायकली एवढे जमले, तरी आठवड्यातील एक सायंकाळ सहज जाईल. दुरुस्त झालेली वस्तू ज्याला हवी त्याला द्यावी. आमच्याकडे हत्यारांची एक पेटी आहे. बोट-दोन बोटे गंज चढला आहे, पण तेल पाजले की ती पुन्हा कामास येतील. आणि जे आईवडील मुलांकडे परदेशी जाण्याच्या तयारीत आहेत, त्यांना आमचे एवढेच सांगणे की, लोणची-पापडांबरोबर आपले हातचे कामही सोबत न्यावे. त्याला वजन नसते आणि तिकडे ते समजून घेणारा कोणीतरी कुंपणापलीकडे निघतोच.